चर्चच्या बाजारात स्टॉल किती लावावेत? आधी हात मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या चर्चचं छप्पर गळतंय. दुरुस्तीला निधी हवा म्हणून चार महिन्यांनी एका शनिवारी बाजार भरवायचं ठरलंय. मदतीला जेमतेम तीस माणसं, त्यातली निम्मी साठी ओलांडलेली. गेल्या वर्षी चौदा स्टॉल लावले, सगळे दमून गेले, हाती फारसं काही लागलं नाही आणि न खपलेल्या मालाने चर्चच्या मागची खोली अजून भरलेली आहे. आता यंदा स्टॉल वाढवावेत का, किमती कशा ठरवाव्यात, पैशाची व्यवस्था कशी ठेवावी, आणि केकच्या टेबलावरून एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन जुन्या कार्यकर्त्यांचं काय करावं?

स्टॉल वाढवू नका. चौदाचे चार करा.

हे वाचून कमिटीतल्या निम्म्या मंडळींच्या भुवया वर जातील, म्हणून हिशेबच मांडतो. बाजार चार तास चालणार असं धरू. कोणत्याही वयाच्या माणसाला दोन तासांपेक्षा जास्त उभं ठेवू नये, म्हणजे दोन पाळ्या. तीस माणसं दोन पाळ्यांत वाटली की एका वेळी पंधरा. त्यातली तीन चहा-स्वयंपाकघरात लागतात, एक दारावर, दोन पैसे मोजायला, आणि एक माणूस पूर्ण मोकळा. हा मोकळा माणूस चैन नव्हे. कुणाला चक्कर आली, सुटे संपले, लहान मूल हरवलं, संडासाची कडी अडकली, की धावायला तोच असतो. राहिले आठ. एका स्टॉलवर कायम दोघं हवीत, कारण एक जण पैसे घेत असताना दुसऱ्याने माल दाखवायचा असतो. आठ भागिले दोन, चार स्टॉल. गेल्या वर्षी चौदा टेबलं होती याचा अर्थ बहुतेक टेबलांमागे एकच माणूस होता, आणि तोही मधूनमधून शेजारच्या टेबलावर मदतीला जात होता. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन उभं राहतं, कुणी लक्ष देत नाही, मग ते वस्तू हळूच खाली ठेवून निघून जातं. असं गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

आमच्या या कामात सगळे मालापासून सुरुवात करतात: काय काय आलंय, ते मांडायला किती टेबलं लागतील. सुरुवात माणसांपासून करायला हवी. बाजार माल कमी पडला म्हणून पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. तो हात कमी पडल्याने पडतो.

चार स्टॉल कोणते? एक कपड्यांचा, दुसरा पुस्तकं आणि खेळणी यांचा, तिसरा घरगुती वस्तूंचा, आणि चौथा घरी केलेले खाद्यपदार्थ व रोपं यांचा. चहाची खिडकी वेगळी, ती स्वयंपाकघराच्या हिशेबात आलीच. विणकाम, हस्तकला, भेटकार्डं यांना स्वतंत्र टेबल देऊ नका, घरगुती वस्तूंच्या एका टोकाला जागा द्या. बाजार संपल्यावर प्रत्येक स्टॉलची निव्वळ कमाई त्याच्यावर खर्च झालेल्या माणसा-तासांनी (माणसं गुणिले तास) भागून बघा, तयारीचे तास धरून. आकडे बोलके असतात. चहाची खिडकी बहुधा सगळ्यांच्या वर येते, आणि हाताने विणलेले स्वेटर सगळ्यांच्या खाली. लोकरीचीच किंमत निघत नाही. तरी विणणाऱ्या आजींना थांबवू नका, त्यांचा हिवाळा त्यात जातो आणि तो आनंद निधीत मोजायचा नसतो. फक्त त्या टेबलाच्या भरवशावर छपराचा अंदाज बांधू नका.

आता माल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गेल्या वर्षीची तुमची खोली भरली ती इथल्या चुकीने.

“जे असेल ते आणा” असं आवाहन कधीही करू नये. लोक खरंच जे असेल ते आणतात. बाजार ही गावाची अडगळ साफ करण्याची सोय होते आणि कचरा उचलायचा खर्च चर्चच्या अंगावर पडतो. आवाहनात मागायची वस्तू नेमकी सांगा: धुतलेली, चालू स्थितीतली, उद्या एखाद्या मित्राला भेट देताना लाज वाटणार नाही अशी. आणि काय घेणार नाही याची यादी त्याच कागदावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. गाद्या, उशा, मोठं फर्निचर, न तपासलेली विजेची उपकरणं, उघडलेली सौंदर्यप्रसाधनं, औषधं, तुकडे हरवलेली कोडी, जुने विश्वकोश. लहान मुलांच्या गाडीतल्या सीट आणि हेल्मेट तर कधीच नकोत. अपघातात एकदा दणका बसलेल्या हेल्मेटला वरून काही दिसत नाही, पण दुसऱ्या वेळी ते डोकं वाचवेल याचा भरवसा नसतो. अशी वस्तू चर्चच्या टेबलावरून विकली जाऊ नये.

माल घ्यायचे दिवस दोनच ठेवा, बाजाराच्या आधीच्या आठवड्यात. चार महिने आधीपासून गोळा केलेल्या कपड्यांना दमट वास लागतो आणि पुस्तकांना कसर. वर रोज कुणीतरी दारात पिशवी ठेवून जातं. घेतानाच दारात वर्गवारी करायची आणि ढीग फक्त तीन: विकायचं, दुसऱ्या संस्थेला द्यायचं, टाकायचं. “बघू नंतर” असा चौथा ढीग पडला की समजा तुमची खोली पुन्हा भरायला लागली. त्या टेबलावर मायाळू माणूस बसवू नका. देणाऱ्याचं मन न दुखवता “हे आमच्याकडे खपणार नाही, तुम्हीच ठेवा” असं हसून सांगणारी व्यक्ती प्रत्येक गावात एक तरी असते. बहुतेकदा ती निवृत्त शिक्षिका असते.

कपडा तपासायची एक रीत आहे, ती सगळ्यांना एकदा करून दाखवा. आधी कपडा खिडकीकडे धरून उजेडात बघायचा, कसरीची भोकं लगेच दिसतात. मग कॉलरची आतली कड, मग काखा. चेन एकदा वरपासून खालपर्यंत ओढायची. शेवटी सगळ्या खिशांत हात घालायचा. खिशात चष्मे निघतात, किल्ल्या निघतात, नोटाही निघतात. पुस्तकं पानांनी खाली धरून हलवायची. जुनी पत्रं, फोटो पडतात. ते मालकाला परत द्यायचे, आणि मालक हयात नसेल तर घरच्यांना. जो कपडा हँगरला टांगलेला असतो तो ढिगातल्या कपड्यापेक्षा चांगल्या भावात जातो, लोक निवांत बघतात. म्हणून निवडक कपडे टांगा आणि त्यांवर माप लिहा. बाकीचे घडी घालून टेबलावर.

वर्गवारी करतानाच एक डबा बाजूला ठेवा, “विचारून घ्यायचं” असा. चिनी मातीच्या भांड्याच्या तळाशी कारखान्याची खूण असते, चांदीवर ठसा असतो, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर आवृत्ती छापलेली असते. अशी वस्तू दिसली की जाणकाराला दाखवायची आणि टेबलावर फुटकळ भावात न सोडता लेखी बोलीला लावायची. वस्तूसमोर एक कागद, वर किमान बोली, खाली ज्याने त्याने आपलं नाव आणि रक्कम लिहायची, ठरलेल्या वेळी कागद बंद. एखाद्या वस्तूमागे गोष्ट असेल तर तीही दोन ओळींत लिहा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ साली, मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघींनी शिकागोत जखमी सैनिकांसाठी मोठा बाजार भरवला. त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याकडे गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा त्यांच्या हातचा मसुदा मागितला. तो स्वतःजवळ ठेवायची इच्छा होती असं लिंकन यांनी कळवलं, पण दिला. तो ३,००० डॉलरला गेला. (१८७१च्या शिकागोच्या आगीत तो जळून गेला, ही वेगळी हळहळ.) तुमच्याकडे असा कागद येणार नाही, हे खरं. पण गावातल्या जुन्या वाद्यवादकाची बासरी, बंद पडलेल्या गिरणीची पाटी, शंभर वर्षांपूर्वीचा चर्चचा फोटो अशा वस्तूंना त्याच गावात जो भाव येतो तो बाहेर कुठेच येत नाही. आणि त्या मागाव्या लागतात. आपण होऊन त्या कुणी आणून देत नाही.

मागच्या खोलीतला जुना माल यंदाच्या टेबलांवर मांडू नका. गावाने तो एकदा पाहून नाकारलेला आहे. नवा माल येण्याआधी खोली रिकामी करा आणि यंदा उरेल ते बाजार संपल्यावर तासाभरात उचलून नेणारी संस्था किंवा जुन्या मालाचा व्यापारी आत्ताच ठरवून ठेवा. उरलेलं आत परत जाणार नाही, हा नियम कमिटीने ठराव म्हणून लिहून घ्यावा. नाहीतर शेवटच्या क्षणी कुणालातरी एखादा दिवा फार आवडतो.

किमतींबद्दल फार डोकं चालवू नये. चारपाचच भाव ठेवा, सगळे एकाच नोटेच्या किंवा नाण्याच्या पटीत, म्हणजे सुट्यांचा प्रश्न निम्म्याने कमी होतो. प्रत्येक भावाला एक रंगाचं गोल लेबल आणि भिंतीवर रंगांचा मोठा तक्ता. किंमत नसलेली वस्तू लोक विचारत नाहीत, ठेवून देतात. घासाघीस होणारच. स्टॉलप्रमुखाला सांगून ठेवा की पाव किमतीपर्यंत सूट स्वतःच्या अधिकारात द्यावी, त्याहून जास्त असेल तर “शेवटच्या तासाला या” म्हणावं. शेवटच्या तासाला सगळं निम्म्या भावात, आणि शेवटच्या अर्ध्या तासाला कपड्यांची पिशवी भरून एका ठराविक रकमेत. ही सूट आधीपासून जाहीर करू नका, नाहीतर चांगलं गिऱ्हाईकही उशिरा येतं.

एक नाजूक गोष्ट. मांडामांड करताना कार्यकर्तेच चांगल्या वस्तू बाजूला काढून ठेवतात. त्यात कुणाचा हेतू वाईट नसतो, पण दार उघडण्याआधी टेबलाखाली ठेवलेली पिशवी गावाला दिसते आणि वर्षभर तिची चर्चा होते. सरसकट बंदी घालणंही बरं नाही, राबणाऱ्या माणसाने काहीच घेऊ नये का? मी सुचवेन की कार्यकर्त्यांनी दार उघडून अर्धा तास झाल्यावर खरेदी करावी, लेबलावरच्या भावात, आणि आपल्या स्टॉलवर नव्हे तर दुसऱ्याच्या स्टॉलवर पैसे देऊन. धर्मगुरूंच्या घरच्यांनाही हाच नियम. जुन्या मालाचे व्यापारी पहिल्या रांगेत उभे असतील, त्यांना हाकलू नका, त्यांचे पैसेही छपराचेच. फक्त वेळेआधी आत घेऊ नका.

पैशाच्या व्यवस्थेत मैत्री, नातं, “आपलीच माणसं” हे सगळं बाजूला ठेवायचं. नीट व्यवस्था असते ती चोर पकडण्यासाठी कमी आणि प्रामाणिक माणसावर बोट उठू नये यासाठी जास्त. सकाळी प्रत्येक स्टॉलला सुटे पैसे मोजून द्या, रक्कम चिठ्ठीवर लिहा, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. टेबलावर उघडा डबा ठेवण्यापेक्षा कमरेला बांधायची खिशाची पिशवी बरी. दर तासाला मोजणाऱ्यांपैकी एकाने प्रत्येक स्टॉलवरून मोठ्या नोटा गोळा करून पाकिटात घालायच्या. पाकिटावर स्टॉलचं नाव, वेळ आणि रक्कम, स्टॉलवाल्याच्या समोरच लिहायची. मोजायला दोघं, एकमेकांच्या नात्यातली नसलेली, आणि खोलीचं दार आतून बंद. नोटा-नाण्यांचा प्रकारवार तक्ता भरायचा, बेरजेतून सकाळचे सुटे वजा करायचे, राहते ती विक्री. विक्रीच्या पैशातून दूध, पिशव्या, दोरी असं काहीही परस्पर आणायचं नाही. खर्चाची पावती वेगळी, पैसे वेगळे.

मोबाइलवरून पैसे घेणार असाल तर क्यूआर कोड चर्चच्या खात्याचाच हवा. “तात्पुरता माझा लावू या” म्हणणाऱ्या सज्जन माणसाला तिथेच थांबवा. पुढे त्याच्या खात्यातले घरचे पैसे आणि चर्चचे पैसे वेगळे करता करता त्याची आणि खजिनदाराची झोप उडते. कोड छापून लावला की दिवसातून दोनतीनदा तपासा. छापील कोडवर दुसरा कोड चिकटवून पैसे पळवण्याचा प्रकार आता सगळीकडे होतो. रोख रक्कम कुणाच्या घरी रात्रभर राहू नये. शनिवारी बँकेत भरायची सोय नसेल तर ती कुठे, कुणाच्या दोघांच्या किल्लीने बंद राहील हे आधी ठरवा.

पत्रकावर निधीचं कारण लिहिताना एक ओळ जास्त लिहा: “छप्परदुरुस्तीसाठी, आणि रक्कम उरल्यास किंवा अपुरी पडल्यास इमारतीच्या इतर देखभालीसाठी.” एका कामासाठी म्हणून मागितलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवणं हा विश्वासाचा प्रश्न असतोच, आणि बऱ्याच देशांत तो कायद्याचाही असतो. ही एक ओळ पुढची पुष्कळ भांडणं वाचवते.

लकी ड्रॉबद्दल विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिकीट विकून बक्षिसाची सोडत काढणं कायद्याच्या नजरेत लॉटरी असते आणि तिचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कुठे त्याच दिवशी जागेवर तिकिटं विकून काढलेली सोडत चालते, कुठे परवाना लागतो, कुठे मुळातच मनाई असते. तिकिटं छापायच्या आधी स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. शिवाय काही पंथांना जुगाराची कुठलीच छटा चर्चच्या आवारात चालत नाही, तेव्हा धर्मगुरूंनाही विचारा. मला विचाराल तर लेखी बोली ठेवा. पैसा तेवढाच येतो आणि कटकट नाही.

स्वयंपाकघराकडे मात्र गांभीर्याने बघा. बाजारात कमी पैसे आले तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतं. गावाला जुलाब झाले तर पुढचा बाजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा दंडक आहे: शिजलेलं अन्न खायला देईपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवायचं, आणि मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहू द्यायचं नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात शिजवून झाकून ठेवायचं नाही. मोठं पातेलं वरून गार लागतं, पण मध्यभागी तासन् तास कोमट राहतं आणि नेमक्या त्या उबेत जंतू वाढतात. काहींचं विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. सर्वांत सोपं म्हणजे अशा पदार्थांच्या वाटेलाच न जाणं. कोरडे केक, बिस्किटं, पाव ठेवा. ताज्या क्रीमचं, कच्च्या अंड्याचं, मांसाचं काही नको. घरी बाटलीबंद केलेल्या वस्तूंत जॅम आणि व्हिनेगरमधली लोणची चालतील. तेलात बुडवलेला लसूण किंवा नुसत्या पाण्यात बंद केलेल्या भाज्या घेऊ नका, कुणी कितीही प्रेमाने केलेल्या असोत. आम्लता कमी, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असलेल्या बंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, आणि बाटली उघडल्यावर वास किंवा चव बिघडलेली असेलच असं नाही.

प्रत्येक पदार्थावर काय घातलंय ते लिहा: दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, इतर सुकामेवा, तीळ, सोया. बनवणाऱ्याने देतानाच चिठ्ठी द्यावी, टेबलावर बसून अंदाज करू नये. ज्याला उलट्या-जुलाब झालेत त्याने थांबल्यापासून ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पैसे घेणारा हात खाण्याला लागता कामा नये, म्हणून चहाच्या खिडकीवर पैशाला वेगळा माणूस. आणि बसायच्या खुर्च्या सभागृहाच्या आतल्या टोकाला मांडा. चहा घ्यायला माणूस सगळे स्टॉल ओलांडून आत जातो आणि परत येताना पुन्हा बघतो.

सभागृहाची मांडणी करताना दोन टेबलांच्या रांगांमध्ये निदान दीड मीटर जागा सोडा. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी समोरासमोर आली की त्याहून कमी जागेत गाडं अडतं. मागचं दार मालाच्या खोक्यांनी अडवू नका, कुलूप लावू नका, आणि सगळ्या कार्यकर्त्यांना सकाळी एकदा त्या दारातून बाहेर चालवत न्या. हसतील, हसू द्या. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये कॅथलिक संस्थांचा वार्षिक धर्मादाय बाजार भरला होता. लाकडी शेड, आत मध्ययुगीन गल्लीचा देखावा रंगवलेल्या कापडाचा आणि लगद्याचा, वर कापडी छत. आकर्षण म्हणून चलच्चित्रांचा खेळ ठेवलेला, त्याच्या दिव्यात इथर, म्हणजे चटकन पेट घेणारं द्रव. दिवा भरताना कुणीतरी काडी ओढली. काही मिनिटांत छत पेटलं आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक स्टॉलवर राबणाऱ्या आणि खरेदीला आलेल्या बायका. बाहेर पडायची दारं कुठे आहेत हे बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. आज तुमच्याकडे इथर नसेल, पण एका एक्स्टेन्शन बोर्डावर दोन विजेच्या किटल्या असतील, पडद्याजवळ मेणबत्ती असेल, दारात खोक्यांची चळत असेल. किटल्यांना भिंतीतले वेगवेगळे सॉकेट द्या, मेणबत्त्या बाजाराच्या दिवशी नकोत, गॅसची शेगडी असेल तर ती सभागृहात नको.

जाहिरातीचं थोडक्यात सांगतो. तारीख, वेळ, जागा आणि कारण, एवढंच फलकावर असावं आणि ते चालत्या गाडीतून वाचता यावं. शाळा, दुकान, बसथांबा आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. प्रवेशशुल्क लावू नका. दारात पैसे दिलेला माणूस आत हात आखडतो.

आता माणसं, ज्यांच्यावर सगळं उभं आहे. एक समन्वयक नेमा आणि त्याला स्टॉल देऊ नका. प्रत्येक स्टॉलला एक प्रमुख, आणि त्याच्या हातात एका पानावर लिहिलेलं: कोण कधी येणार, भाव काय, सूट किती, अडलं तर कुणाला बोलवायचं. मदत मागताना “बाजाराला हातभार लावाल का?” असं मोघम विचारलं की लोक “बघतो” म्हणतात. “शनिवारी ११ ते १ पुस्तकांच्या टेबलावर बसाल का?” असं विचारलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं, आणि होकार बराच वेळा मिळतो. चर्चला न येणाऱ्या गावकऱ्यांनाही विचारा. छप्पर गळतंय हे त्यांनाही दिसतं, आणि अनेकांची लग्नं, आईवडिलांचे अंत्यविधी तिथेच झालेले असतात. साठीच्या पुढच्यांना बसायची कामं द्या: लेबलं लावणं, पैसे मोजणं, दारावर स्वागत. टेबलं उचलायला आणि संध्याकाळी आवरायला वेगळी, ताज्या दमाची तरुण टोळी ठरवा, जी सकाळी आलेलीच नसेल. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या हातात शेवटी झाडू देणं हे पुढच्या वर्षीचा एक कार्यकर्ता गमावणं आहे. सगळ्यांच्या जेवणाची सोय करा, पाळीप्रमाणे, बसून.

बाजार झाल्यावर आठवड्याच्या आत आकडा जाहीर करा, आणि तो खर्च वजा जाता असलेला. आभार मानताना नावांची यादी वाचू नका, एक नाव राहिलं की बाकीच्या एकोणतीस नावांचं पुण्य जातं. स्टॉलवार आभार माना. समन्वयकाने त्याच आठवड्यात एका वहीत लिहून ठेवावं: काय किती वाजता संपलं, काय पडून राहिलं, कुठे रांग लागली. पुढच्या वर्षी नवी कमिटी आली तरी वही तीच राहील.

राहिल्या केकवाल्या दोघी. दोघींना वेगवेगळी टेबलं देऊन भांडण मिटत नाही, गावात दोन केकपार्ट्या तयार होतात. त्यांना एका बैठकीत समोरासमोर बसवून समेट घडवण्याच्या फंदातही पडू नका. काम मधून कापा: एकीकडे बाजाराच्या आधीचं सगळं, म्हणजे कोण काय भाजून आणणार याची यादी, चिठ्ठ्या, पॅकिंग, किमती, दुसरीकडे त्या दिवसाची विक्री. एकीची जबाबदारी शुक्रवारी संध्याकाळी संपते, दुसरीची शनिवारी सकाळी सुरू होते, आणि मधे मालाची मोजणी करून समन्वयक ताबा घेतो. एकीला यादीचा मान, दुसरीला टेबलाचा. कुणाला काय द्यायचं ते त्यांच्या स्वभावावरून ठरवा: जिचा शब्द गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत चालतो तिला यादी, जी अनोळखी माणसाशीही गप्पा मारते तिला विक्री. हे बोलणं धर्मगुरूंनी किंवा समन्वयकाने दोघींच्या घरी वेगवेगळं जाऊन, कमिटीची बैठक भरण्याआधी उरकावं. चारचौघांत विचारलं तर दोघीही नाहीच म्हणतील.